नारायणरावाचा वध आणि ‘ध’ चा ‘मा’ : पुराव्याची छाननी

नारायणराव पेशवे यांच्या वधाबद्दल आपल्याकडे दोन निकाल चालत आले आहेत. एक निकाल रामशास्त्री प्रभुणे यांचा. त्यांत रघुनाथराव दोषी ठरला. दुसरा निकाल लोकांचा. त्यांत आनंदीबाई दोषी ठरली. पहिला निकाल देणारा पुरुष न्यायाधीश होता. त्यानें चौकशी केली, आरोपीस समक्ष विचारलें आणि मग आपलें मत सांगितलें. दुसऱ्या निकालास न्यायाधीश नाहीं, साक्षीदार नाहीं, आरोपीचा जबाबहि नाहीं. परंतु तो इतका दृढ झाला आहे कीं, ‘ध चा मा करणें’ हा आपल्या भाषेंतील वाक्प्रचार होऊन बसला. आणि ज्यास पेशव्यांच्या वंशावळींतील चार नांवें सांगतां यावयाचीं नाहींत, तोहि त्या एका अक्षराचें कर्तृत्व कोणाचें हें बेधडक सांगतो. हे दोन्ही निकाल एकाच पुराव्यावर उभे आहेत अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती समजूत बरोबर नाहीं. पहिल्या निकालाचा पाया निराळा आणि दुसऱ्याचा निराळा, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगून घेऊं. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वारले व पेशवाईचीं वस्त्रें त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव यास मिळालीं. चुलता रघुनाथराव शनिवारवाड्यांतच नजरकैदेंत होता. शके १६९५ च्या भाद्रपद शुद्ध १३ स, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ इत्यादि गारदी सरदार आपल्या लोकांसह वाड्यांत शिरले. नारायणराव जीव वांचविण्यासाठीं चुलत्याकडे धांवला व त्याला बिलगला. तेथेंच तुळाजी पवार व गारदी यांनीं त्याचा अंत केला. त्या वेळीं त्याचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. धन्याच्या अंगावर पडून चापाजी टिळेकर हा सेवकहि तेथेंच मेला. पुढें पेशवाईचीं वस्त्रें रघुनाथरावानें घेतलीं. रामशास्त्र्यांनीं चौकशी करून त्यास दोषी ठरविलें, देहान्त प्रायश्चित्तावांचून या पापास दुसरें प्रायश्चित्त नाहीं असें तोंडावर सांगितलें, आणि पुणें सोडून ते वाईजवळच्या एका गांवीं जाऊन राहिले. मग बारभाईंचें कारस्थान, १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर सवाई माधवरावाचा जन्म, १७७५ चा सुरतेचा तह, इंग्रजांशीं युद्ध आणि १७८२ चा साल्बाईचा तह, हा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. 

आतां त्या प्रसिद्ध कागदाकडे वळूं. ‘ध’ च्या ‘मा’ ची कथा आज जी सांगितली जाते, तिचें ठसठशीत रूप ग्रँट डफच्या ग्रंथांत सांपडतें. डफ हा पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यास कंपनीसरकारचा प्रतिनिधि होता. पुण्याचीं व साताऱ्याचीं दप्तरें पाहण्याची संधि त्यास मिळाली, पेशवाई पाहिलेलीं माणसेंहि त्यास भेटलीं, आणि त्याचा ग्रंथ १८२६ सालीं, म्हणजे वधानंतर ५३ वर्षांनीं, बाहेर पडला. त्यानें या प्रकरणीं जें लिहिलें आहे तें बारकाईनें वाचलें असतां त्यांत तीन वेगवेगळीं विधानें एकापुढें एक मांडलेलीं दिसतात. पहिलें विधान असें कीं, नारायणरावास धरण्याचा लेखी अधिकार आपण सुमेरसिंग व महंमद इसफ यांस दिला होता, मारण्याचा नव्हे, असें रघुनाथरावानें रामशास्त्र्यांजवळ कबूल केलें, असें सांगतात. दुसरें विधान असें कीं, तो मूळ कागद पुढें रामशास्त्र्यांच्या हातीं आला व त्यांत ‘धरावें’ हा शब्द बदलून ‘मारावें’ असा केलेला आढळला. तिसरें विधान असें कीं, हा फेरफार आनंदीबाईनें केला असा सार्वत्रिक समज आहे.

हीं तीन विधानें एका तोलाचीं नाहींत. पहिलें एका कबुलीजबाबाचें आहे, पण ऐकीव. दुसरें एका कागदाचें आहे, पण तो कागद लेखकापुढें होता असें तो म्हणत नाहीं. तिसऱ्यास मात्र कबुलीहि नाहीं व कागदहि नाहीं. आधार एवढाच कीं सर्व लोक तसें समजतात. आमचे बहुतेक लेखक या तिन्हींची एक सांखळी करून तिला एकच ‘पुरावा’ म्हणतात, आणि पहिल्या कडीचें बळ शेवटच्या कडीस आपोआप मिळालें असें मानून चालतात. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत डफच्या ग्रंथावर टीका लिहून आमच्या लोकांस त्याचीं विधानें तपासून घेण्याचा धडा घालून दिला. तोच धडा येथें गिरविला पाहिजे.

पहिली कडी घेऊं. आरोपीनें स्वतःविरुद्ध दिलेली कबुली हा मोठा पुरावा होय, हें कोणीहि मान्य करील. परंतु ही कबुली स्वतःविरुद्ध कितपत आहे ? खुनाचा आरोप डोक्यावर असतां मनुष्य म्हणतो, ‘मीं धरावयास सांगितलें, मारावयास नाहीं.’ हा मोठा अपराध नाकारून लहान अपराध पत्करण्याचा प्रकार आहे. हुकूम दिल्याचा भाग त्याच्या विरुद्ध जातो, तेवढा विश्वासार्ह धरावा. हुकुमांत अमुकच शब्द होता हा भाग त्याच्या सोयीचा आहे, तो दुसऱ्या आधारावांचून धरूं नये. म्हणजे पहिल्या कडींतून आपल्या पदरांत इतकेंच पडतें कीं, गारद्यांस रघुनाथरावाकडून कांहीं लेख गेला होता. तें असंभवनीयहि नाहीं. पैशाच्या व किल्ल्यांच्या आशेनें धन्यावर हत्यार धरणारे भाडोत्री लोक तोंडी शब्दावर विसंबून राहत नाहींत. त्यांस कागद हवा असतो.

दुसरी कडी कागदांतील फेरफाराची. येथें आमच्या वाचकांस, ज्यांचें आयुष्य मोडी कागद उलगडण्यांत गेलें आहे त्यांस, आम्हीं विशेष सांगावें असें नाहीं. तरी प्रकरण नीट मांडलें पाहिजे. मोडी लिहितांना प्रथम ओळीची रेघ ओढून घेतात व तिला अक्षरें लटकवीत जातात. शब्दाशब्दांमध्यें जागा सोडीत नाहींत. ‘ध’ हें एक अक्षर, कान्यावांचून. ‘मा’ म्हणजे निराळें अक्षर आणि वर कान्याची भर. मागचें अक्षर व पुढचा ‘रा’ यांच्या मध्यें ‘ध’ नें जेवढी जागा व्यापिली होती तेवढ्यांतच दुसरें अक्षर आणि कान्याचें वळण बसविलें पाहिजे. कागद घोटून गुळगुळीत केलेला, शाई काजळीची. अशी शाई कागदांत खोल मुरत नाहीं. ओल्या बोटानेंहि ती निघूं शकते, हें खरें. परंतु पुसल्या किंवा खरडल्या जागीं कागदाची झिलई जाते, व तेथें नवें अक्षर घातलें कीं शाई फुटते. तात्पर्य, असा फेरफार अशक्य नाहीं, परंतु तो लपत नाहीं. म्हणून रामशास्त्र्यांसारख्या डोळस मनुष्यास तो दिसला असेल, हें संभवनीय मानतां येतें. पण याच कारणास्तव, ज्यानें कागद पाहिला त्यानें फेरफार झाल्याचें सांगावें. कोणीं केला हें त्या कागदावरून सांगतां यावयाचें नाहीं. एक अक्षर व एक काना एवढ्यावरून कोणाचेंहि हस्ताक्षर ओळखतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट शब्दाच्या रूपाची. पेशवाईंतील पत्रांचा मायना ज्यांच्या नजरेखालून गेला आहे त्यांस माहीत आहे कीं, धन्यानें चाकरास आज्ञा लिहितांना ‘करणें’, ‘पाठविणें’, ‘येणें’ असें लिहावें व शेवटीं ‘जाणिजे’ म्हणावें, आणि ‘करावें’, ‘पाठवावें’ हें रूप बहुधा बरोबरीच्या किंवा मानाच्या मनुष्यास योजावें, असा प्रघात होता. पेशव्यांच्या घरच्या पुरुषानें गारद्याच्या सरदारास ‘धरावें’ असें लिहिलें असेल काय ? ‘कैद करणें’ किंवा ‘धरणें’ असें लिहिलें असण्याचा संभव अधिक. यावर कोणी म्हणेल कीं, ‘धरणें’ चें ‘मारणें’ केलें तरीहि ‘ध’ चा ‘मा’ च होतो. तें कबूल. या मुद्यावरून फेरफार झालाच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, जो शब्द आज सर्वांच्या तोंडीं आहे तो मूळ कागदावरून उतरून घेतलेला दिसत नाहीं. तो सांगणारांच्या तोंडून आलेला आहे. ज्या आरोपाचा सर्व भार एका अक्षरावर आहे, तेथें मूळ शब्दाचें रूपच अनिश्चित असणें ही लहान उणीव नव्हे.

आतां तिसरी कडी. फेरफार झाला असें क्षणभर गृहीत धरूं. तो कोणीं केला हें ठरवावयाचें तर कागद कोणकोणाच्या हातांतून गेला व फेरफारापासून कोणाचा लाभ, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. कागद रघुनाथरावाकडून निघाला व सुमेरसिंगाच्या हातीं पडला. मध्यें लिहिणारा कारकून असेल, नेणारा जासूद असेल, मोडी वाचून दाखविणारा कोणी असेल, कटांत वावरणारा तुळाजी पवार तर होताच. आनंदीबाईच्या हातीं तो गेला असणें शक्य आहे; पण शक्य तें यांपैकीं प्रत्येकाविषयीं आहे.

लाभाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे आजवर द्यावें तितकें लक्ष दिलें गेलेलें नाहीं. ‘मारावें’ हा शब्द कागदांत असण्यापासून सर्वांत मोठा लाभ कोणाचा ? ज्यांनीं मारलें त्यांचा ! धरण्याचा हुकूम असतां मारलें, तर गारदी स्वतःच्या जबाबदारीवर खुनी ठरतात. मारण्याचा हुकूम असेल, तर ते हुकमाचे ताबेदार ठरतात व बक्षिसाचा दावा करूं शकतात. डफनें दिलेल्या हकीकतीप्रमाणें रघुनाथरावानें पुतण्यास वांचविण्याविषयीं ऐन वेळीं कांहींशी रदबदली केली, तेव्हां सुमेरसिंगानें इतक्या थरास येऊन आतां आपण आपला नाश करून घेणार नाहीं असें उत्तर दिलें, व सोडीत नसलास तर तूंहि त्याजबरोबर मरशील असें बजावलें. ही हकीकत खरी असेल तर गारद्यांचा निश्चय त्यांच्या स्वतःच्या भयांतून व स्वार्थांतून आलेला होता. त्यासाठीं बाईनें एक अक्षर बदलण्याची गरज नव्हती. शिवाय अक्षर बदलावयाचें तर तें वधापूर्वींच बदललें पाहिजे असेंहि नाहीं. कागद ज्याच्या हातीं राहिला त्यास वध झाल्यावरहि तें काम करतां येतें, आणि तेव्हां तें करण्याचें कारण अधिक बळकट होतें. आनंदीबाईवर आरोप करणारांनीं या शंकेचें निरसन केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

लाभाचा प्रश्न कागदाविषयींप्रमाणें कथेविषयींहि विचारला पाहिजे. फेरफाराची कथा कोणाच्या सोयीची ? बारभाईंच्या सोयीची ती नव्हे. त्यांस रघुनाथराव पुरा दोषी हवा होता, आणि या कथेनें तर तो निम्मा निर्दोष होतो. त्यानें केवळ धरावयास सांगितलें, बायकोनें घात केला, असें म्हटलें कीं त्याच्या माथ्यावरचें पाप उतरून तिच्या माथ्यावर येतें. तेव्हां या कथेचा उगम रघुनाथरावाच्या बाजूस असण्याचा संभव आहे. आणि एका आरोपीच्या बचावांत दुसऱ्यावर टाकलेला दोष स्वतंत्र पुराव्यावांचून स्वीकारूं नये, हा साधा न्याय होय.

प्रतिपक्षाचें म्हणणेंहि त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडलें पाहिजे. ते म्हणतात, आनंदीबाई लिहितीवाचती व महत्त्वाकांक्षी होती. पतीच्या राजकारणांत तिचें लक्ष होतें. पतीस गादी मिळाली तर तिचा उत्कर्ष होणार होता. तसेंच, १७९६ पासून १८१८ पर्यंत तिचा मुलगा दुसरा बाजीराव गादीवर असल्यामुळें तिच्याविरुद्ध लिहिण्याची कोणाची छाती नव्हती, म्हणून लेखी आधार उशिराचे आहेत. आणि एवढा सार्वत्रिक समज निष्कारण होत नाहीं. यांपैकीं पहिला मुद्दा हेतूचा आहे. हेतु आम्ही मान्य करितों. परंतु हेतु म्हणजे कृति नव्हे. गादीच्या वांट्यांत ज्याचा ज्याचा स्वार्थ होता त्या प्रत्येकास हेतु होताच. दुसरा मुद्दा चतुर आहे, पण तो पुराव्याच्या अभावाचें कारण सांगतो, अभाव भरून काढीत नाहीं. शिवाय १७७४ पासून १७९५ पर्यंतचीं एकवीस वर्षें सत्ता तिच्या शत्रूंच्या हातीं होती. रघुनाथराव ११ डिसेंबर १७८३ रोजीं कोपरगांवीं वारल्यानंतर ती त्यांच्याच नजरेखालीं राहिली व १७९४ सालीं आनंदवल्ली येथें वारली. तो कागद रामशास्त्र्यांच्या हातीं आला होता, तर बारभाईंस तो दाखवून तिचा उघड न्याय करण्यास कोणाची आडकाठी होती ? मारेकऱ्यांपैकीं जे सांपडले त्यांस देहान्त शासन झालें. बाईवर खुनाचा खटला मात्र झाला नाहीं.

सार्वत्रिक समजाविषयीं इतकेंच म्हणतां येईल कीं, तो कसा वाढतो हें आपण पाहत आलों आहों. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘भाऊबंदकी’ नाटक १९०९ सालीं रंगभूमीवर आलें, ‘प्रभात’चा ‘रामशास्त्री’ बोलपट १९४४ सालीं निघाला. या कृतींनीं रघुनाथराव, आनंदीबाई व रामशास्त्री यांच्या मूर्ती लोकांच्या डोळ्यांपुढें कायमच्या उभ्या केल्या. नाटककारास दोष देण्याचें कारण नाहीं. त्याला कपटी स्त्री, दुबळा पुरुष व निःस्पृह न्यायाधीश हें त्रिकूट हवेंच असतें. दोष आहे तो नाटकांतील आनंदीबाईस साक्षीला बोलावणाऱ्या इतिहासलेखकाचा.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. आनंदीबाईवरील आरोप ढिला पडला म्हणजे रामशास्त्र्यांचा निकालहि ढिला पडतो, असें रघुनाथरावाचे कैवारी म्हणूं लागतील. तसें मुळींच नाहीं. शास्त्रीबोवा धर्मशास्त्राचे अधिकारी होते, आणि धर्मशास्त्र करणारा, करविणारा व अनुमति देणारा या तिघांसहि कर्माच्या फळाचे वांटेकरी मानतें. आपस्तंबाच्या धर्मसूत्रांत हें स्पष्ट आहे. हत्यारबंद भाडोत्री लोक पुतण्याच्या अंगावर सोडणारा मनुष्य करविणारांत मोडतो. त्यानें ‘धरा’ म्हटलें कीं ‘मारा’ म्हटलें यानें पापाचें माप बदलेल, पण तो त्यांतून सुटत नाहीं. वधानंतर मारेकऱ्यांस शासन न करितां त्यानें त्यांच्या जोरावर गादी घेतली, ही अनुमति. म्हणजे अक्षराचा वाद पूर्णपणें बाजूस ठेवला तरी रघुनाथरावावरील निकाल जागच्या जागीं राहतो. साल्बाईच्या तहानें त्यास दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली व देहान्त प्रायश्चित्ताच्या ठिकाणीं पेन्शन आलें, ही राजकारणाची गोष्ट झाली, न्यायाची नव्हे.

सारांश, आमचा निष्कर्ष असा : रघुनाथरावाचा दोष सिद्ध आहे, गारद्यांस लेखी कांहीं दिलें गेलें हें संभवनीय आहे, त्या लेखांत फेरफार झाला हें ऐकीव पण शक्य आहे, तो आनंदीबाईनें केला हें असिद्ध आहे. असिद्ध म्हणजे ती निष्पाप होती असें नव्हे. कटाची तिला वार्ता नव्हती, किंवा नारायणरावाच्या मृत्यूनें ती शोकाकुल झाली, असें ठरविण्यासहि आमच्याजवळ साधन नाहीं, व तिला देवी करण्याची आमची इच्छाहि नाहीं. परंतु ज्या न्यायसभेंत रामशास्त्री बसले होते तीमध्यें ‘सर्व लोक असें समजतात’ हें प्रमाण चाललें नसतें, आणि इतिहासाच्या सभेंतहि तें चालूं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं काढल्यापासून वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस, सरदेसाई यांनीं हजारों कागद उजेडांत आणले. पण तो हुकूम त्यांत नाहीं. जुन्या घराण्यांच्या रुमालांत तो अद्याप कोठें असेल, ही आशा कोणी सोडूं नये. मात्र इतक्या प्रसिद्ध कागदास गिऱ्हाईक फार, आणि जेथें गिऱ्हाईक तेथें कारागीरहि निघतो. म्हणून असा कागद कोणी पुढें आणील तेव्हां पहिला प्रश्न ‘त्यांत मा आहे काय’ हा नसावा. तो कोणत्या दप्तरांतला, कोणत्या रुमालांतला, त्याच्या मागचेपुढचे कागद कोणते, मायना व शेवट कोणत्या रीतीचा, अक्षर कोणत्या कारकुनाचें, हे प्रश्न आधीं विचारावे. फेरफाराची जागा उजेडासमोर धरून झिलई गेली आहे काय तें पाहावें. आणि तो फेरफार बाईच्या हातचा असें म्हणावयाचें असेल तर तुलनेसाठीं तिच्या स्वहस्ताचे निश्चित नमुने आणावे. कारण बाईच्या नांवाचें पत्र म्हणजे बाईच्या हातचें पत्र नव्हे, तें बहुधा कारकुनाच्या हातचें असतें. या कसोट्यांस उतरलेला कागद कोणीं दाखविला तर वरील निष्कर्ष बदलण्यास आम्ही एका पायावर तयार आहों. तोंपर्यंत, जिचा जबाब कोणीं घेतला नाहीं तिच्या नांवावर खुनाचा निकाल लिहून ठेवण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं, हेंच आमचें म्हणणें आहे.